पुसले, पण गेले नव्हते

वराहमिहिराच्या या उज्जयिनीत जुने ज्योतिषी पाटीवर धूळ पसरून गणिते करीत. बोट फिरवले की आकडा गेला. तो परत येणे नाही. आमच्या फ्रीगंजातील घरी १९९९ साली संगणक आला, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि त्याची हार्ड डिस्क ही अशीच एक धूळपाटी, अशी माझी समजूत होती.

यंत्र अडखळू लागले. मी बेधडक ‘फॉरमॅट’ची आज्ञा दिली आणि मग आठवले, की आजोबांनी सांगितलेली, बाबांनी रात्री बसून टंकलेली घराण्याची हकीकत तिच्यातच होती.

श्रोतेहो, त्या क्षणी ती गेलेली नव्हती. विंडोज ९८ मधील ही आज्ञा मूळ मजकुराला सहसा हातच लावीत नसे. कोणती फाईल कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका तेवढी कोरी करी. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी प्रकरणे जागच्या जागी राहतात. ती हुडकून काढणारी साधने त्या काळीही होती. २००७ च्या व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट सारी डिस्क शून्यांनी भरून टाकते. तेथे ही आशा धरू नये.

नाश केला तो माझ्या घाईने. बाबा घरी येण्यापूर्वी चूक झाकावी म्हणून मी लगोलग विंडोज पुन्हा बसवले, आणि नव्या फायली जुन्या मजकुरावर जाऊन बसल्या. यंत्र बंद करून स्वस्थ राहिलो असतो तर!

बाबा रागावले नाहीत. वही घेऊन आजोबांपुढे बसले. आजोबा तेव्हा ८१ वर्षांचे. नावे पुष्कळ आठवली, साले थोडीच.