कर्नलबाहेरचा टायमर

एसईएल-४ या मायक्रोकर्नलमध्ये प्रोग्रामला झोपवून ठरल्या वेळी उठवणारा सिस्टिम कॉलच नाही. सिडनीच्या निक्टा संस्थेत तयार झालेल्या या कर्नलचा सी भाषेतला कोड तेव्हा जेमतेम ८,७०० ओळींचा होता. तो ठरवून दिलेल्या वर्णनाबरहुकूमच चालतो, हे २००९ मध्ये गणिताने सिद्ध झाले. सिद्धता आवाक्यात राहावी म्हणून ड्रायव्हर कर्नलबाहेर काढले आहेत. शेड्युलिंगपुरता एक टायमर कर्नल स्वतःकडे ठेवतो. बाकीचे टायमर ज्याला हवेत त्याने चालवावेत.

त्यासाठी हक्क लागतो, म्हणजे केपेबिलिटी. ती कर्नलच्या मेमरीत राहते आणि टास्ककडे असतो फक्त स्लॉटचा नंबर. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात आणि शेतकऱ्याला गट नंबर पाठ, तसे. मशीन सुरू होताना हे हक्क पहिल्या टास्कच्या हाती येतात आणि तीच ते पुढे वाटते.

टायमरला दोन हक्क पुरतात. एक रजिस्टरांच्या पानाचा: डिव्हाइसच्या अनटाइप्ड, म्हणजे अजून प्रकार न ठरलेल्या, मेमरीतून नेमक्या पत्त्यावरची ४ केबीची फ्रेम काढायची आणि कॅश टाळून मॅप करायची. दुसरा इंटरप्टचा: त्याचा हँडलर नोटिफिकेशनला, म्हणजे इशारा पोचवणाऱ्या कर्नल ऑब्जेक्टला, जोडला, की टास्क त्यावर वाट पाहत थांबू शकते.

बीगलबोन ब्लॅक बोर्डावरचा टायमर २४ मेगाहर्ट्झवर चालवला, तर १ मिलिसेकंदाला २४,००० ठोके पडतात. मोजणी चढती आणि ३२ बिटांची, म्हणून रजिस्टरमध्ये कमाल मर्यादेला २४,००० कमी असलेला आकडा भरतात. शून्यापासून सोडला तर काउंटर सुमारे १७९ सेकंदांत भरतो.

काउंटर भरला की इंटरप्ट येतो. कर्नल तो तात्पुरता बंद करून नोटिफिकेशन पाठवतो. आता क्रम महत्त्वाचा. आधी टायमरचा स्टेटस बिट पुसायचा, मग कर्नलला पोच द्यायची. उलट केले तर तोच इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. पोच विसरली तर पुढचा कधीच येत नाही, आणि दोष मात्र हार्डवेअरला दिला जातो. नोटिफिकेशन मोजदादही ठेवत नाही, साचलेले इशारे एकच होतात. त्यामुळे वेळ इशाऱ्यांवरून न मोजता काउंटर वाचूनच काढावी.

टायमर एक आणि गरजू अनेक असले, की टायमर सर्व्हर लागतो. प्रत्येक क्लायंटला सर्व्हरकडे संदेश पाठवण्याच्या एंडपॉइंटची वेगळ्या बॅजची केपेबिलिटी मिळते, म्हणजे संदेश कोणाचा ते बॅजवरून कळते. सर्व्हर सगळ्यांच्या मुदती लावून हार्डवेअरमध्ये फक्त सर्वांत जवळची भरतो. त्याची प्रायॉरिटी वरची हवी, नाहीतर मुदत उलटल्यावर त्याला जाग येणार. पण वरची प्रायॉरिटी म्हणजे प्रोसेसर अडवून बसण्याची मुभा. कर्नलच्या एमसीएस (मिक्स्ड-क्रिटिकॅलिटी सिस्टिम्स) आवृत्तीत यावर तोड आहे: तिथे प्रोसेसरचा वेळही केपेबिलिटीनेच मिळतो, ठरावीक कालावधीत ठरावीक बजेट, आणि ते संपले की टायमर सर्व्हरलाही पुढच्या कालावधीपर्यंत थांबावे लागते.