साडेबारा लिटरांच्या पेटीत पाणी

संगणकाच्या छोट्या कॅबिनेटच्या दुनियेत आकार लिटरमध्ये मोजतात. नेहमीचा टॉवर चाळीस-पन्नास लिटरांचा असतो. वीसच्या आत आलं की कॅबिनेट छोटं म्हणायचं. २०१३ मध्ये दोन हौशी मंडळींनी इंडिगोगोवर लोकांकडून पैसे उभे करून ‘एनकेस एम१’ हे कॅबिनेट काढलं आणि तैवानच्या लियान ली कंपनीकडून घडवून घेतलं. माप २४० × १६० × ३२८ मिमी, म्हणजे जेमतेम १२.६ लिटर. तरीही त्याच्या बाजूच्या पट्टीवर २४० मिमीचा रेडिएटर बसायचा. आज याहून लहान कॅबिनेटं मिळतात, ‘फॉर्मडी टी१’ तर दहा लिटरांच्याही आत आहे. पण एवढ्याशा जागेत स्वतः जुळवलेलं पाण्याचं लूप बसू शकतं हा भरवसा माझ्या मते एम१ने दिला.

एवढ्याशा पेटीत पाणी खेळवायचं कशाला? तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मात्र ते उष्णता संपवत नाही, फक्त दुसरीकडे पोचवतं. हवेवर चालणारा कूलर चिपच्या डोक्यावरच बसवावा लागतो, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये नेमकी तिथेच जागा नसते. पाणी ती उष्णता नळीतून बाहेरच्या भिंतीपर्यंत नेतं. तिथे रेडिएटरला ताजी हवा मिळते.

हा सगळा खटाटोप करायचाच असेल तर तो ग्राफिक्स कार्डासाठी करावा, असं माझं ठाम मत आहे. आरटीएक्स ४०९० ची चिप ६०० चौरस मिमीहून मोठी आहे, उघडी आहे आणि तिच्या कार्डाला ४५० वॅट लागतात. एवढ्या पसरट चिपवर वॉटर ब्लॉकचं, म्हणजे आतून पाणी फिरणाऱ्या ठोकळ्याचं, तांबं थेट टेकतं, त्यामुळे तापमान लक्षणीय उतरतं. शिवाय एनव्हिडियाचं मूळ कार्ड ६१ मिमी जाड आहे. त्यावरचा कूलर काढून ब्लॉक बसवला की त्यातली बरीचशी जाडी मोकळी होते. प्रोसेसरची गोष्ट वेगळी. रायझन ७००० मालिकेत बहुतेक उष्णता सत्तरेक चौरस मिमीच्या तुकड्यातून निघते आणि वरच्या जाड धातूच्या झाकणातून तिला वाट काढावी लागते. पूर्ण ताणाखाली यातले काही प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जावेत अशीच त्यांची रचना आहे. तिथे कितीही पाणी ओतलं तरी आकडा हवा तसा हलत नाही.

मग हिशेब रेडिएटरचा. १२० मिमीच्या प्रत्येक पंख्यामागे शांतपणे शंभर वॅट, फार तर दीडशे, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे २४० मिमीच्या एकाच रेडिएटरवर असं कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही टाकले तर पंखे ओरडणारच. उपाय दोन. एक, कार्डाची वीजमर्यादा ३०० वॅटच्या आसपास आणायची; कामगिरी थोडीच घटते. दुसरा, कार्ड सडपातळ झाल्यामुळे तळाशी उरलेल्या जागेत आणखी एक पातळ रेडिएटर आणि १५ मिमीचे पंखे बसवायचे. एम१मध्ये अनेकांनी हेच केलं. मी आधी वीजमर्यादा उतरवेन. तिला खर्च नाही आणि जागाही लागत नाही.

पंपासाठी छोट्या कॅबिनेटमध्ये बहुधा डीडीसी जातीचा पंप घेतात. तो डी५ या दुसऱ्या जातीच्या पंपापेक्षा आटोपशीर असतो, पण स्वतःही बऱ्यापैकी तापतो. त्याला कोंडून ठेवू नये.

लोक रेडिएटर आणि पंपाची मापं काटेकोर घेतात आणि नळी जोडणाऱ्या फिटिंगची विसरतात. जागा खाणारी गोष्ट खरं तर तीच. पाव इंची आट्यांचं एक फिटिंग, त्याला नव्वद अंशांचा फिरता कोपरा, पुढे नळीचं वळण, या सगळ्याला काही सेंटिमीटर लागतात आणि ते कुठल्याच तक्त्यात छापलेले नसतात. १०/१३ मिमीची (आतला/बाहेरचा व्यास) नळी बारीक, तिची फिटिंग शेजारच्या फिटिंगला अडत नाहीत, पण वळवताना ती दुमडते. १०/१६ची भिंत जाड असल्याने ती तीव्र वळण सोसते, पण फिटिंग रुंद होतं. छोट्या लूपसाठी मी काचेसारख्या कडक नळीपेक्षा ईपीडीएम रबराची काळी नळी निवडेन. ती दिसायला साधी असते, पण एक भाग सोडवायला सगळं लूप उसवावं लागत नाही. मऊ पीव्हीसीतून झिरपणारं द्रव्य ब्लॉकच्या बारीक खाचांत साचतं, तो त्रासही रबरात नाही.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की कार्डाकडे, यावर फार वाद होतात. गणित करून पाहा: मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल आणि पाण्याने ३०० वॅट उचलले, तर ते सुमारे ४.३ अंशांनीच तापतं. प्रवाह दुप्पट केला की फरक निम्मा. म्हणून क्रम तापमानासाठी ठरवू नका, नळी कमीत कमी वळेल असा ठरवा.

तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र कधीही जोडू नये. दोन धातूंमध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक आणि शेवाळ रोखणारं द्रव्य हवंच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही भान ठेवायला हवं. अशा लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल आणि पाणी त्याहून पंधरा अंश वर गेलं, तर ५३ झाले; बऱ्याच पंपांची मर्यादा साठच्या आसपास असते. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर चालवावा. पाणी खोलीपेक्षा थंड होत नसल्यामुळेच कोकणातल्या दमट हवेतही ब्लॉकवर दव धरत नाही.

जोडणी झाली की आधी हवेच्या दाबाने गळती तपासावी. मग एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर लावून फक्त पंप चालवावा, मदरबोर्डला वीज देऊ नये. छोट्या कॅबिनेटमध्ये रिझर्व्हॉयर, म्हणजे लूपची टाकी, सहसा सर्वांत वर नसतो, म्हणून बुडबुडे काढायला पंप बंद करून कॅबिनेट सगळ्या बाजूंनी कलतं करावं लागतं. सर्वांत खालच्या बिंदूला पाणी सोडायची तोटी सुरुवातीलाच बसवा. नंतर तिला जागा सापडत नाही, आणि ती नसेल तर कूलंट बदलायला कार्डासकट अख्खं लूप बाहेर काढावं लागतं.