बारावीनंतर स्पॅनिश : उर्दू येणाऱ्या मुलांसाठी एक वाट

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत आले. मुलगी बारावी आर्ट्स, मार्क चांगले. म्हणाले, "टीचर, ये कॉलेजमें स्पॅनिश पढूंगी बोलती. पढके करेगी क्या?" प्रश्न बरोबर आहे. सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत तो येऊ शकतो, म्हणून उत्तर इथेच लिहिते.

स्पॅनिश ही जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा. स्पेनपासून मेक्सिको, अर्जेंटिनापर्यंत सुमारे वीस देशांत ती चालते. आपल्या मुलांना ती वाटते तितकी परकी नाही. इंग्रजीसारखी स्पेलिंगची कटकट नाही, बहुतेक लिहिलं तसंच वाचायचं. त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून. 'जे' अक्षराचा उच्चार स्पेनमध्ये ख़ालामधल्या ख़ सारखा. वर्गातली बाकीची मुलं त्यासाठी घसा खरवडतील, आपली सहज म्हणतील. अच्छा लड़का, अच्छी लड़की तसं तिथे बुएनो आणि बुएना.

मुसलमानांची स्पेनमध्ये 711 ते 1492 अशी सुमारे आठशे वर्षं सत्ता होती, त्यामुळे हजारो शब्द अरबीतून आले. अल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष, मूळ शब्द अल-क़ाज़ी. गोदामाला अल्मासेन, मूळ मख़ज़न. 'असं होवो' म्हणायला आजही स्पॅनिश माणूस 'ओख़ाला' म्हणतो, त्यात अल्लाहचं नाव लपलेलं आहे. आणि साखर? शर्करा, शकर, सुक्कर असा प्रवास करत ती तिथे 'आसुकार' झाली. कारखान्यांच्या आपल्या पट्ट्यातल्या मुलांना हा शब्द वेगळा पाठ करावा लागू नये!

अवघड काय, तेही सांगते. क्रियापदांची रूपं डोकं खातात. 'असणे'साठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, ती पक्की बसायला वर्ष जातं.

पदवीला भाषेबरोबर साहित्य येतं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव सर्व्हान्तेसच्या 'दोन किख़ोते' कादंबरीचं. पहिला भाग 1605 चा, दुसरा 1615 चा. सर्व्हान्तेस स्वतः पाच वर्षं अल्जियर्समध्ये कैदी होता. कादंबरीत तो गंमत करतो : ही गोष्ट माझी नाही, सीदे हामेते नावाच्या अरब इतिहासकाराची, तिचे अरबी कागद मला तोलेदोच्या बाजारात मिळाले. भाषांतर करून घेतो एका मोरिस्कोकडून, म्हणजे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानाकडून. मजुरी काय, तर बेदाणे आणि गहू! तासगावच्या वाचकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पण 1609 पासून स्पेनने याच मोरिस्को लोकांना देशाबाहेर हाकललं. त्यांच्यातले काहीजण स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहायचे. उर्दू लिपी येणाऱ्या मुलाला ते कागद बघताना काय वाटेल, विचार करा.

आता शिकायचं कुठे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे दुसरी पदवी करता करता स्पॅनिशचं सर्टिफिकेट करता येतं. साताऱ्याहून पुणे एकशेदहा किलोमीटर, रोज जाऊन-येऊन जमणार नाही, राहायची सोय पाहावी लागेल. पूर्ण बीए ऑनर्स दिल्लीत आहे : जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि जामिया मिलिया. प्रवेश सीयूईटी परीक्षेतून, आधी स्पॅनिश येण्याची अट नाही. विषय कोणते निवडायचे, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच फॉर्म भरावा.

इथे पालकांची गल्लत होते. सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर चांगली नोकरी लागेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाषांतर, कंपन्यांचं परदेशी काम, शाळेत शिकवणं, यासाठी साधारण बी-2 पातळी लागते. स्पेन सरकारच्या 'देले' परीक्षेच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या आहेत, त्यातली ही चौथी. आणि ज्या मुलाला गोष्टीची पुस्तकं वाचायचा कंटाळा आहे, त्याला साहित्याच्या पदवीला घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

त्या अब्बांची खरी काळजी वेगळीच निघाली : दिल्ली लांब, मुलगी एकटी. मी म्हटलं, मिरजेहून आणि साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट हज़रत निज़ामुद्दीनला जाते, जामिया तिथून जवळच. होस्टेल मात्र प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघा, आणि बघायला जाताना तिच्या अम्मीलाही सोबत न्या.