‘ट्रॅक्टर’ या नावाची कुळकथा

उसाच्या गळीत हंगामात मागे दोन-दोन ट्रेलर लावून कारखान्याच्या वजनकाट्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरला आपल्या खेड्यांतून कोणी परका मानीत नाही, आणि त्याच्या नावाचा अर्थ काय, असा प्रश्नही कोणास पडत नाही. वास्तविक हे नाव लॅटिनमधील ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे, या क्रियापदापासून झाले असून त्याचा अर्थ ‘ओढणारा’ एवढाच आहे. आपल्या संस्कृतातील ‘कृष्’ धातूचा लॅटिन धातूशी रक्ताचा संबंध नसला, तरी त्याचाही अर्थ ओढणे असाच आहे. त्यातून आकर्षण आणि निष्कर्ष हे शब्द जसे निघाले, तसाच जमिनीतून फाळ ओढण्याच्या क्रियेस ‘कृषि’ हा शब्दही मिळाला. शेती आणि ओढणे यांची ही सांगड रोमन व्याकरणकारांच्या कानावर गेली असती, तर त्यांस ती खचित आवडली असती.

गंमत अशी की, इंग्रजीत या नावाची पहिली मोठी प्रसिद्धी शेतात झाली नाही. ती झाली वैद्यकात. अमेरिकेतील कनेटिकट प्रांताचे वैद्य एलिशा पर्किन्स यांनी १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांची सरकारी सनद मिळविली, आणि त्या कांड्या दुखऱ्या अंगावरून फिरविल्या असता वेदना बाहेर ओढली जाते, या दाव्यास अनुसरून त्यांना ‘ट्रॅक्टर’ म्हटले. त्यांच्या चिरंजिवांनी तो व्यापार लंडनपर्यंत नेला आणि जोडीस पाच गिनी असा भक्कम मोबदला घेतला. परंतु १७९९ मध्ये बाथ येथील डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून पाच रोग्यांवर फिरविल्या, आणि पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याची ग्वाही दिली, तेव्हा वेदना ओढून काढण्याचे श्रेय धातूस द्यावे की रोग्याच्या कल्पनेस, याचा निवाडा झाला. आज औषधांच्या परीक्षेत एका गटास निर्गुण गोळी देण्याची जी रीत आहे, तिचा हा एक आद्य दाखला होय.

शेतात हा शब्द आला तो वाफेच्या मागून. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मळणीसाठी जे वाफेचे इंजिन वापरीत, ते पट्ट्याने यंत्र फिरवीत असे खरे, परंतु स्वतः मात्र घोडे जुंपल्यावाचून जागचे हलत नसे. वाफेच्या राक्षसाने घोड्यांकडून वाहून घ्यावे, ही विसंगती केंट परगण्यातील टॉमस अ‍ॅव्हेलिंग यांस सहन झाली नाही, आणि १८५९ साली त्यांनी इंजिनाची शक्ती साखळीने त्याच्याच चाकांस जोडून दिली. जागच्या जागी फिरविणाऱ्या इंजिनाहून हे ओढणारे इंजिन वेगळे ओळखू यावे, म्हणून त्याचे ‘ट्रॅक्शन इंजिन’ असे नाव रूढ झाले. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या जॉन फ्रोलिक यांनी पेट्रोलवर पुढे-मागे चालणारे यंत्र सिद्ध केले, आणि ‘गॅसोलीन ट्रॅक्शन इंजिन’ हे मारुतीच्या शेपटासारखे लांबलचक नाव जन्मास आले.

त्याच प्रांतातील चार्ल्स सिटी येथील हार्ट-पार कंपनीच्या विल्यम्स नामक विक्री-व्यवस्थापकाने १९०६ च्या सुमारास जाहिरातीत हे नाव छाटून ‘ट्रॅक्टर’ केले, आणि शब्दाचे जनकत्व पुष्कळदा त्यालाच बहाल केले जाते. दस्तऐवज मात्र निराळे बोलतात. कारण शिकागोच्या एका संशोधकाच्या १८९० मधील पेटंटात हा शब्द यंत्राच्या अर्थाने आधीच नोंदला गेला होता. नाव घडविणारा एक आणि ते बाजारात चालविणारा दुसरा, असा प्रकार भाषेत नित्याचा आहे. माझ्या मते मान द्यायचाच तर तो चालविणाऱ्यास द्यावा. इंग्लंडात डॅन अ‍ॅल्बोन यांनी त्याच काळात आपल्या ‘आयव्हेल’ यंत्रास ‘कृषी-मोटर’ म्हणून पाहिले. ते नाव टिकले नाही.

ओढण्याचे बळ केवळ इंजिनातून येत नाही, हे शेतकऱ्यास पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक असते. इंजिन चाक फिरविते. पण चाकाने मागे रेटलेली माती जितका प्रतिरोध करील, तितकीच ओढ मागच्या अवजारास मिळते, आणि तो प्रतिरोध चालत्या चाकावरील भारावर व मातीच्या घट्टपणावर अवलंबून असतो. म्हणूनच मागच्या चाकांस लोखंडी वजने लावतात, टायरमध्ये पाणी भरतात, आणि चिखलणीच्या भातखाचरात लोखंडी केजव्हील चढवितात. इंजिनाची अश्वशक्ती आणि मागच्या दांड्यापाशी प्रत्यक्ष हाती येणारी शक्ती यांत तफावत पडते, ती मातीवर चाके घसरण्यामुळे आणि चाके मातीतून पुढे नेण्यात खर्च होणाऱ्या शक्तीमुळे. उत्पादक या तफावतीविषयी मौन पाळीत. तेव्हा अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला की, सरकारी परीक्षेवाचून राज्यात नव्या नमुन्याचा ट्रॅक्टर विकू नये, आणि १९२० पासून तेथे पट्ट्यावरील शक्ती वेगळी व ओढण्याची शक्ती वेगळी मोजून जाहीर होऊ लागली.

पुढे ट्रॅक्टरच्या मागील बाजूस फिरता दांडा निघाला, आणि चाकांना वगळून इंजिनाची शक्ती थेट अवजारास देता येऊ लागली. आता याच दांड्यावर चालणाऱ्या रोटाव्हेटरचे पाहा: त्याची पाती ट्रॅक्टरच्या चाकांच्याच दिशेने, पण त्यांहून पुष्कळ वेगाने फिरत माती मागे फेकतात, त्यामुळे अवजार ओढले जाणे तर दूरच, ते उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते.