जुने क्षारमिश्रण चालेल का?

पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते, हे तुम्ही पाहिलेच असेल. शुद्ध सोडियम क्लोराइड ओले होण्यास हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के व्हावी लागते; पण त्यात असलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केही पुरते. ओल्या मिठाने भाजी बिघडत नाही. मात्र खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठीचे तयार क्षारमिश्रण वर्षानुवर्षे पडून राहिले असेल, तर ते वापरावे की टाकून द्यावे?

प्रथम हे मिश्रण म्हणजे काय ते पाहू. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगातील अनेक समुद्रांचे पाणी गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमीअधिक खारट असले, तरी त्यातील प्रमुख घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड मिळून ३० ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम, तर बायकार्बोनेट अवघे ०.१४ ग्रॅम. मत्स्यालयाचे मिश्रण साधारण हेच प्रमाण साधते.

क्षार अन्नासारखे आंबत नाहीत. हवाबंद व कोरडे राहिलेले मिश्रण अनेक वर्षांनीही उपयोगी पडते. त्याचा शत्रू काळ नव्हे, ओलावा! पिशवी उघडी राहिली, की मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे हवेतील बाष्प शोषतात. त्या थोड्याशा पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांची गाठ पडते व कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे दोन्ही घटक वाया गेले!

ही हानी हायड्रोमीटरला कळत नाही. तो केवळ पाण्याची घनता सांगतो, आणि घनता मुख्यतः सोडियम क्लोराइडवर ठरते. हायड्रोमीटर ‘ठीक आहे’ म्हणत असताना प्रवाळांना सांगाडा बांधण्यास कॅल्शियम अपुरे पडू शकते. बायकार्बोनेट घटल्याने पाण्याचा सामू स्थिर राहत नाही. मासे, प्रवाळ यांच्या जिवाशी गाठ असते ती इथेच.

मग परीक्षा कशी करावी? बादलीतील गोड्या पाण्यात मिश्रण थोडे थोडे टाकून ढवळा. मिश्रणावर पाणी ओतू नका; दाट द्रावणात चांगल्या मिश्रणाचाही साका बनू शकतो. ओलसर मिश्रणाच्या वजनात पाणीही असते, म्हणून वजनावर विसंबू नका. खारटपणा हायड्रोमीटरनेच ठरवा. पंपाने एक दिवस हवा सोडा. घट्ट ढेकूळ विरघळून पाणी नितळ झाले, तर मोठा दिलासा. तळाशी पांढरा साका उरला, तर तो धुऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले, तर तो कार्बोनेटच होय.

पाणी नितळ असले, तरी कॅल्शियम, क्षारता व सामू तपासल्याशिवाय ते माशांना देऊ नका. या चाचण्यांत उणे ठरलेले मिश्रण टाकून दिलेलेच बरे. आणि नवे आणाल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे विसरूच नका!