पडद्याशी संगत करणारे हात

मूकपटांच्या काळातली चित्रपटगृहं मुकी क्वचितच असत. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलत्‌चित्रं दाखवली. त्यानंतर तीसेक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या असंख्य थिएटरांत पडद्याखाली पियानो वाजत राहिला. नट-दिग्दर्शकांवर ग्रंथ निघाले; पियानोवर बसणाऱ्यांची नावं मात्र बहुतेक पुसली गेली. त्यांना वगळून लिहिलेला मूकपटाचा इतिहास अर्धाच आहे.

बड्या शहरांतल्या आलिशान थिएटरांत वाद्यवृंद किंवा भव्य ऑर्गन असे. छोट्या गावात सगळा भार एका पियानोवर. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. दिवसाला अनेक खेळ, चित्रपट सारखे बदलणारे, आणि नवा चित्रपट आधी बघून ठेवायला सवड नाही. लेनिनग्राडमध्ये घरची ओढाताण सावरण्यासाठी संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच १९२४ पासून असाच थिएटरांत वाजवत होता. या कामानं तो थकून जाई. तरी पडद्याशी जुळलेलं नातं टिकलं: १९२९ मध्ये ‘न्यू बॅबिलॉन’ या मूकपटासाठी त्यानं संगीत रचलं.

या वादकांच्या हाताशी काय असे, हे एर्नो रापे यांच्या १९२४ च्या संग्रहात दिसतं. त्यात बावन्न भाव आणि प्रसंगांसाठी स्वरलिपी आहे. प्रत्येक पानाच्या कडेला त्या प्रसंगांची यादी पृष्ठांकासह छापलेली: विमान, लढाई, पाठलाग, अंगाई, आगगाडी, समुद्रातलं वादळ, लग्न. पडद्यावर लग्नघरातून एकदम वादळात उडी पडली, की डाव्या हातानं ठेका धरून ठेवायचा, उजव्या हातानं पान गाठायचं आणि नजर पडद्यावरून ढळू द्यायची नाही. ज्यांच्याकडे पुस्तक नसे, ते लोकप्रिय गाणी, वॉल्ट्झ आणि स्वतःची उपज यांवर खेळ निभावून नेत.

खरी कसोटी मात्र विवेकाची. पात्राला धक्का बसण्याआधीच स्वर भेदरले, तर प्रसंग वाया जातो. प्रेक्षक अक्षरफलक वाचत असताना वादकानं मागं राहायचं. एखाद्या मृत्यूपाशी हात उचलून घ्यायचा. गायकाची जागा ओळखून थांबणारा हार्मोनियमवादक जे करतो, तेच इथं चेहऱ्यांकडे आणि हालचालींकडे पाहून करायचं असतं. फरक एवढाच, की पडदा वादकासाठी कधीच थांबत नाही.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट आला आणि काही वर्षांतच हजारो वादकांची रोजीरोटी गेली. अमेरिकेतल्या वादक-संघटनेनं वृत्तपत्रांत जाहिराती देऊन यांत्रिक संगीताविरुद्ध मोहीम चालवली. काळ उलटा फिरला नाही. तरी विद्या जगली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आर्थर क्लायनर यांनी १९३९ पासून जवळजवळ तीन दशकं मूकपटांना साथ केली. इटलीतल्या पोर्देनोने इथं १९८२ पासून मूकपटांचा महोत्सव भरतो आणि तिथं तरुण वादकांना ही कला शिकवलीही जाते. नील ब्रँड, स्टीफन हॉर्न यांच्यासारखे वादक आज जगभर मागणीत आहेत. हॉर्न तर पियानोसोबत बासरी आणि अ‍ॅकॉर्डियनही हाताळतात.

आपल्याकडे हीच जागा हार्मोनियम आणि तबल्यानं भरून काढली होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि त्या साथीचेही दिवस भरले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मधली (१९१९) त्यांची मुलगी मंदाकिनी आजही पाहायला मिळते, पण तेव्हाच्या साथीदारांचं वाजवणं ध्वनिमुद्रित झालंच नाही. मात्र या कलेला जुन्या ध्वनिमुद्रणाची गरजही नाही, कारण ती दर खेळाला नव्यानंच घडते. हार्मोनियमवर बोटं चालणारी तरुण मुलं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. आपल्या चित्रपट महोत्सवांनी आणि फिल्म सोसायट्यांनी मूकपट लावताना वादकाचं मानधन अंदाजपत्रकात धरावं, त्याला चित्रपट दोनदा आधी दाखवावा आणि जाहिरातीत दिग्दर्शकाच्या नावाखाली त्याचंही नाव छापावं.