लोगो एकाचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा

शनिवारी सकाळी नेरळ-कळंब रस्त्यावर पोशीरला उभं राहिलं, की फार्महाऊसकडे निघालेल्या महागड्या गाड्या जाताना दिसतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, मधूनच एखादी रेंज रोव्हर. खड्डा आला, गुरं आडवी आली, की थांबतात आणि लगेच निघतात. चालवणाऱ्याचा डावा पाय मात्र जागचा हलत नाही. क्लच दाबणं, गिअर टाकणं ही कटकट गाडीने स्वतःकडे घेतलेली असते. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवतो कोण, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, ज्याची गाडी त्याचा गिअरबॉक्स. पुष्कळदा ते तसं नसतं.

बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह आणि सेव्हन सीरिज, रेंज रोव्हर, ऑडीची क्यू सेव्हन, एवढंच नव्हे तर रोल्स रॉइस घोस्ट, या सगळ्यांचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक येतो तो झेडएफ या जर्मन कंपनीकडून. पोर्शेचा पीडीकेही तिचाच. व्होल्वो आणि लेक्सस जातात टोयोटा समूहातल्या आयसिनकडे. मर्सिडीज मात्र आपला गिअरबॉक्स बहुतांशी स्वतः बनवते. तिचा नऊ गिअरचा संच आधी श्टुटगार्टला बनत होता, 2016 पासून रुमानियातही बनू लागला.

झेडएफची स्थापना 1915 ची, फ्रीडरिखशाफेनची. झेपेलिन विमाननौकांना चांगली दातेरी चाकं हवी होती, म्हणून निघालेला हा कारखाना. त्याच वर्षी आपल्या खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी नळांतून घाट उतरतं आणि चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं. वाहत्या द्रवाने चाक फिरवायचं हे तत्त्व ऑटोमॅटिक गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येही आहे, फक्त तिथे पाण्याऐवजी तेल असतं. हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी.

एका बंद डब्यात दोन पातेदार चाकं समोरासमोर असतात. एक इंजिनला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. इंजिनकडचं चाक तेल भिरकावतं, ते दुसऱ्याच्या पात्यांवर आदळतं. गाडी ब्रेक लावून उभी असली तर दुसरं चाक थांबलेलं राहतं, तेल नुसतं घसरत राहतं, म्हणून इंजिन बंद पडत नाही. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं. परत फिरणाऱ्या तेलाची दिशा ते बदलतं, आणि त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. एकदा गाडीने वेग घेतला, की आतला क्लच दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो आणि तेलाच्या घसरणीत वाया जाणारी ताकद वाचते.

यापुढचं काम मला सगळ्यात देखणं वाटतं. मध्ये एक दातेरी चाक, सन गिअर. त्याच्याभोवती तीन-चार छोटी चाकं, एका चौकटीत बसवलेली. त्या सगळ्यांना कवेत घेणारं, आतून दाते असलेलं कडं, रिंग गिअर. या तिघांपैकी एकाला धरून ठेवायचं, दुसऱ्याला फिरवायचं, आणि तिसऱ्याकडून गती घ्यायची. धरायचं कोणाला, हे बदललं की गिअर बदलला. चाकं सरकवावी लागत नाहीत, दाते कायम एकमेकांत अडकलेलेच राहतात. झेडएफच्या आठ गिअरवाल्या पेटीत असे फक्त चार संच आहेत आणि त्यांना धरणारे-सोडणारे पाच क्लच-ब्रेक. कोणत्याही गिअरमध्ये त्यांतले तीन आवळलेले असतात, दोनच मोकळे. मोकळ्या प्लेटा तेलात घासत राहतात आणि इंधन खातात, म्हणून त्या दोनवर आणणं ही मोठीच करामत. पहिल्या गिअरला गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा एकदा फिरायला आत साधारण पावणेपाच फेरे होतात, आठव्याला एकापेक्षाही कमी.

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट हा या यंत्राची खरी परीक्षा. चढताना गाडीतला संगणक उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवतो. उतरताना मात्र एकट्या त्याच्यावर विसंबू नये. मॅन्युअल मोडवर जाऊन दुसरा-तिसरा गिअर धरावा, म्हणजे इंजिनच गाडीला रोखतं. नाहीतर सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतात.

आपल्याकडचा यातला वाटाही सांगायला हवा. 1958 मध्ये एन. के. फिरोदियांनी उभी केलेली बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. खेडोपाडी प्रवासी घेऊन धावणारी ट्रॅक्स तिचीच. ही कंपनी चाकणला मर्सिडीजची इंजिनं जोडून, तपासून देते. बीएमडब्ल्यूने 2015 मध्ये भारतीय भागांचं प्रमाण वाढवलं, तेव्हा चेन्नईच्या कारखान्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स पुरवण्याचं काम तिच्याकडेच आलं. गिअरबॉक्सची मूळ रचना झेडएफची, पण हात आपल्या माणसांचे. मला याचा अभिमान वाटतो.

बनवणाऱ्याचं नाव माहीत असण्याचा रोकडा फायदा तेलात आहे. काही गाड्यांच्या माहितीपत्रकांत गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर’ टिकेल असं लिहिलेलं असतं. झेडएफ मात्र स्वतः सांगते, वापर पाहून 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, बदला. घाट आणि मुंबईची रखडपट्टी नेहमीची असेल तर त्यातला कमी आकडा धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच मॉडेलांत खालची ट्रे प्लॅस्टिकची असते आणि फिल्टर तिच्यातच, त्यामुळे ट्रेही बदलावी लागते. नवं तेल भरताना इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान 30 ते 50 अंशांच्या दरम्यान असताना पातळी पाहायची असते. मेकॅनिक हे तापमान यंत्र लावून मोजतो की नाही, ते काम सोपवण्याआधी विचारून घ्या.